मरीन टँकची वाळू कधी, किती आणि कशी साफ करायची

गोड्या पाण्याचा टँक सांभाळून जे मरीनकडे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँककडे, वळतात, ते वाळूच्या बाबतीत एक सवय सोबत घेऊन येतात. सुट्टीच्या दिवशी सायफनची नळी तळापर्यंत खुपसायची आणि पाणी नितळ येईपर्यंत अख्खा तळ उपसून काढायचा. खाऱ्या पाण्यात या सवयीने मासे मरतात. दुसरीकडे ‘सँडबेडला हातच लावायचा नाही’ असं ठामपणे सांगणारेही भेटतात. त्यांचं ऐकून दोन वर्षं वाळू जशीच्या तशी ठेवली, की नायट्रेट आणि फॉस्फेट खाली येता येत नाहीत.

दोन्ही सल्ले कुठे चुकतात ते कळायला वाळूच्या आत काय चालतं ते माहीत हवं. वरच्या एक-दोन सेंटिमीटरांत ऑक्सिजन पोचतो. तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्याच्या खाली ऑक्सिजन कमी पडतो. तिथे राहणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. काचेलगत वाळूत अडकलेले बुडबुडे काही वेळा याच वायूचे असतात. त्याहून खाली, जिथे ऑक्सिजनही नाही आणि नायट्रेटही संपलंय, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. गोड्या पाण्यात ते याच्या मानाने नगण्य. त्यामुळे कुजलेलं अन्न खाली दाबून ठेवणारी जुनी वाळू मरीन टँकमध्ये जास्त धोकादायक ठरते, आणि ती एकदम ढवळणं त्याहून धोकादायक.

मी ज्या पद्धतीने करतो ती अशी: थराची खोली आणि त्याचा इतिहास बघायचा, एका वेळी एकच तुकडा घ्यायचा, आणि मध्ये पुरेसे दिवस जाऊ द्यायचे. सगळं क्रमाने सांगतो.

## १. आधी खोली मोजा

काचेवर बाहेरून पट्टी लावा आणि चारही बाजूंनी वाळूची उंची मोजा. वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) झोताने वाळू एका कोपऱ्यात जमते, त्यामुळे पुढे ३ सेंटिमीटर आणि मागे ७ असं सर्रास दिसतं. मधला आकडा धरू नका, सगळ्यात खोल जागेचा धरा.

थर ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर तो उथळ. तो तळापर्यंत साफ करता येतो, फक्त एकाच दिवशी सगळा नाही.

थर १० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर तो मुद्दाम केलेला खोल थर. नायट्रेट कमी करण्यासाठी काही जण असा ठेवतात. याच्या वरच्या एखाद्या सेंटिमीटरपलीकडे सायफन कधीही घालू नका. आतलं काम किडे आणि जिवाणू करतात, आणि ते तुम्ही बिघडवायचं नाही.

या दोन्हींच्या मधला, म्हणजे ६ ते ९ सेंटिमीटरचा थर सगळ्यात अडचणीचा. नायट्रेट काढायला तो पुरेसा खोल नाही आणि तळापर्यंत साफ करायला पुरेसा उथळ नाही. असा थर असेल तर दर वॉटर चेंजला (थोडं पाणी काढून नवीन घालताना) थोडी वाळू वरून काढत तो ४ सेंटिमीटरवर आणा.

नवा टँक लावत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: ३ ते ४ सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये जागा कमी, टँक लहान आणि उन्हाळा कडक. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. खोल थराला लागणारी शांतता आणि स्थिरता अशा टँकमध्ये टिकवणं अवघड आहे.

वाळू किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि थराची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि १,००० ने भागा. ९० बाय ४५ च्या टँकला ४ सेंटिमीटरसाठी १६ लिटर वाळू येते. लिटरला साधारण दीड किलो धरा, म्हणजे २४ किलोच्या आसपास. आणि दगड आधी थेट तळाच्या काचेवर बसवा, मग भोवती वाळू टाका. वाळूवर ठेवलेला दगड बिळं करणारे मासे आणि पिस्टल श्रिंप नावाची कोळंबी खालून पोखरतात, आणि एक दिवस तो काचेवर येतो.

## २. वाळू कुठली आहे ते बघा

मरीनसाठी अरॅगोनाइट वापरतात. हा कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार. दाणा १ ते २ मिलिमीटरचा, जाड रव्याएवढा, असेल तर सांभाळायला सगळ्यात सोपा. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाळू दिसते सुंदर, पण वेव्हमेकरच्या झोतात उडते आणि सायफनमधून थेट बादलीत जाते. ३ मिलिमीटरच्या वरचे जाड तुकडे घेतले, तर अन्नाचे कण फटींतून खाली जातात आणि तिथेच कुजतात.

कोकणातून गोणीभर वाळू आणायचा मोह बऱ्याच जणांना होतो. नका आणू. आपल्या किनाऱ्यावरची वाळू बरीचशी क्वार्ट्झची असते, त्यात शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. रत्नागिरीच्या पट्ट्यात तर इल्मेनाइटसारखी काळी, जड खनिजं भरपूर सापडतात. असल्या काळ्या वाळूतले काही कण चुंबकाला धरतात. ते काच पुसायच्या मॅग्नेटला चिकटले की काचेवर कायमचे ओरखडे. शिवाय बंदराजवळच्या वाळूत तेल आणि सांडपाणी किती मुरलंय हे डोळ्यांना दिसत नाही. मालवणचा किनारा मनात असेल तर तो विचारही नको. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

## ३. सामान जमवून ठेवा

काम सुरू झाल्यावर ओल्या हाताने कपाटं उघडत फिरण्यापेक्षा हे आधीच टँकशेजारी मांडून ठेवा:

- रुंद तोंडाची सायफन नळी. तोंड ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचं आणि मागची लवचिक नळी १२ ते १६ मिलिमीटरची. तोंड अरुंद असेल तर दाणे खाली बसायच्या आत वर ओढले जातात.
- फक्त टँकसाठी राखलेल्या दोन बादल्या. घरकामातली साबण लागलेली बादली चालणार नाही.
- आधी कालवून ठेवलेलं खारं पाणी.
- मोठी, ६० मिलीची सिरिंज किंवा बास्टर.
- लांब हातमोजे, आणि टँकमध्ये झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळाजवळचे जीव) असतील तर चष्माही.
- धुतलेला फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन.
- रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन), आणि खाऱ्या पाण्यासाठीची अमोनिया व नायट्रेटची टेस्ट किट.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

हातमोजे हौसेखातर सांगत नाही. वाळूतल्या ब्रिसल वर्म नावाच्या किड्याचे केस बोटात घुसतात आणि दोन दिवस आग होते. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. जखमेवाटे मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूचा संसर्ग झाला तर हातावर येणाऱ्या गाठी महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत. हातावर चीर असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला. सायफन तोंडाने ओढून सुरू करायची सवय तर आजच सोडा.

## ४. पाणी आदल्या दिवशी तयार करा

इथे एक खास आपल्याकडची फसगत आहे. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी शुद्धच असणार असं धरून लोक त्यात मीठ कालवतात. पण त्या मशीनमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावून बघा, ४० ते १०० च्या दरम्यान आकडा येईल. मरीनसाठी तो शून्याजवळ हवा. त्यासाठी मेंब्रेननंतर उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लागतं. सोसायटीला बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण दख्खनच्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. वाळूवर पुन्हा पुन्हा येणारा तपकिरी थर पुष्कळदा इथूनच सुरू होतो. लोक वाळू घासत बसतात आणि दोष पाण्यात असतो.

मीठ घालून छोटा पंप लावा आणि पाणी रात्रभर फिरू द्या. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तापमानात टँकपेक्षा एखाद्या अंशाहून जास्त फरक नको.

## ५. प्रत्यक्ष सायफन

दिवस निवडताना दोन गोष्टी बघा. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला असेल तो दिवस टाळा. आणि काम दिवसा करा. हॅलिकोअरस किंवा लेपर्ड जातीचे रॅस मासे असतील तर दिवे गेले की ते वाळूत शिरून झोपतात, आणि संध्याकाळी नळी खुपसली तर ती थेट त्यांच्यावर जाते.

आधी बंद करायचं ते बंद करा: वेव्हमेकर, रिटर्न पंप (खालच्या फिल्टरच्या टाकीतून, म्हणजे सम्पमधून, पाणी वर आणणारा), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), चिलर, असेल तर हीटर. आणि ऑटो टॉप-अप (वाफ झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र), हे बहुतेक जण विसरतात. टँकमधून एक बादली पाणी काढून रिटर्न पंप परत लावला की सम्पची पातळी खाली जाते, टॉप-अपला वाटतं की पाण्याची वाफ झाली, आणि तो तेवढं गोडं पाणी ओतून मोकळा होतो. क्षारता घसरते आणि संध्याकाळी कोरल (प्रवाळ) मिटलेले दिसतात. नवीन खारं पाणी भरून होईपर्यंत त्याचा प्लग काढूनच ठेवा.

मग काच पुसा. मॅग्नेट वाळूच्या वर दोन बोटं थांबवा. खालची पट्टी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडली तरी पुरते. मॅग्नेटमध्ये अडकलेला वाळूचा एक कण काचेला आडवा ओरखडा पाडतो आणि तो पुढे कायम दिसतो. काच झाली की सिरिंजने दगडांवरची धूळ उडवा आणि पंधरा मिनिटं थांबा. ती खाली बसली की वाळू.

टँकच्या तळाचे मनातल्या मनात चार भाग करा. आज एकच भाग. कुठला केला ते काचेच्या मागे मार्करने किंवा कॅलेंडरवर लिहा, नाहीतर पुढचा भाग दर वेळी साफ होतो आणि मागचा सहा महिने तसाच राहतो.

बादली टँकच्या खाली ठेवा, नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरा, लवचिक टोकावर अंगठा ठेवून ते बादलीत सोडा. आता रुंद तोंड वाळूत उभं टेकवा. दाणे नळीत उसळायला लागतात आणि त्यांच्यामधून पिवळट-तपकिरी गढूळपणा सुटून वर चढतो. दाणे नळीच्या मध्यापर्यंत आले की मागची नळी दोन बोटांत दाबा. प्रवाह थांबतो, दाणे जड असल्याने लगेच खाली पडतात, घाण हलकी असल्याने वर तरंगत राहते. बोटं सैल सोडा, घाण निघून जाते. परत दाबा, परत सोडा. तीन-चार वेळा झालं की त्या जागेचं पाणी बऱ्यापैकी नितळ येतं. नळी उचला आणि तिच्या तोंडाएवढी बाजूला सरका. नळी आडवी फिरवून वाळू नांगरायची नाही. दर वेळी उभी घालायची, उभीच काढायची.

नितळ म्हणजे ‘बऱ्यापैकी’ नितळ. थोडा गढूळपणा राहू द्या, त्यात किडे आणि कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) असतात.

दगडांच्या खाली आणि कोरलच्या मुळाशी नळी घालू नका. बादली भरली की थांबा, ठरवलेला भाग अर्धा राहिला असला तरी. ९० बाय ४५ बाय ४५ च्या टँकमध्ये दगड-वाळू धरून १५० लिटरच्या आसपास पाणी असतं. त्याचे १० टक्के म्हणजे एक बादली. तेवढंच काढायचं.

नवीन पाणी हळू ओता, एखाद्या बशीवर पडू द्या म्हणजे वाळूत खड्डा होत नाही. सगळे पंप सुरू करा, सॉक बदला, कार्बन लावा. दुसऱ्या दिवशी सॉक पुन्हा बदला. अडकलेली घाण सॉकमध्येच कुजली तर काढली न काढली सारखंच.

हे दर एक-दोन आठवड्यांनी केलं की महिना-दोन महिन्यांत पूर्ण तळ एकदा होतो. टँक नवा असेल तर पहिले दोन महिने सायफन वाळूत घालू नका. वर दिसणारं अन्न फक्त सिरिंजने उचला.

आणि टँक दुसऱ्याकडून घेतलेला असेल, किंवा वाळू वर्षानुवर्षं न हलवलेली असेल, तर पाव भागसुद्धा पहिल्याच दिवशी घेऊ नका. तळहाताएवढी जागा करा. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा. शून्य आला तर आठवड्याने त्याच्या दुप्पट जागा घ्या.

## ६. वाळूवर रंग आलाय? आधी ओळखा, मग हात लावा

बहुतेकांची घाई इथे होते. रंग दिसला की सायफन, पुन्हा दिसला की पुन्हा सायफन, मग दुकानातलं औषध. पण तीन वेगळ्या गोष्टी लांबून सारख्याच दिसतात आणि तिघींचे उपाय उलटसुलट आहेत.

तपकिरी भुकटी. बोटाने उडते, काचेवरही येते. हे डायटम, म्हणजे सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि सिलिका संपली की जातात. वाट बघा. जुन्या टँकमध्ये आले तर डीआय रेझिन संपलंय का ते तपासा.

गडद लाल किंवा जांभळट साय. टोक धरून उचललं तर कापडासारखी अखंड निघते. हे सायनोबॅक्टेरिया. जिथे प्रवाह पोचत नाही आणि अन्न साचतं तिथे ते येतात. सायफनने साय ओढून घ्या, वेव्हमेकरची दिशा बदला, फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन मगच घाला. ‘लाल शेवाळाचं औषध’ म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत अँटिबायोटिक असतं. पंप आणि खाद्य न बदलता ते घातलं तर साय महिन्याभरात परत येते. शिवाय ती एकदम मेल्यावर पाण्यातला ऑक्सिजन घटतो.

तपकिरी, शेंबडासारखे तंतू आणि टोकाला बुडबुडे. सकाळी कमी, दुपारपर्यंत भरगच्च, रात्री परत गायब. हे डायनोफ्लॅजेलेट. खात्री करायची एक घरगुती रीत आहे. सिरिंजने थोडं उचला, छोट्या बाटलीत घालून जोरात हलवा म्हणजे तंतू मोडतील, मग कॉफी फिल्टरमधून गाळून स्वच्छ ग्लासात घ्या आणि उजेडात तासभर ठेवा. गाळलेल्या पाण्यात तंतू परत जुळून आले तर डायनोच.

डायनोचं वैशिष्ट्य असं की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या ‘अतिस्वच्छ’ टँकमध्ये ते फोफावतात. तुम्ही जितकी वाळू साफ कराल आणि जितके वॉटर चेंज कराल, तितकी त्यांची सोय होते. इथे नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर राहू द्या. सायफन करायचाच तर पाणी बारीक सॉकमधून गाळून त्याच टँकमध्ये परत सोडा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) चालतो. वाळूतच राहणाऱ्या ॲम्फिडिनियम या जातीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. काही जाती गोगलगायींना विषारी असतात. शंख पटापट उलटे पडायला लागले तर हा संशय आधी घ्या.

काचेलगत वाळूच्या आत दिसणारी हिरवी-तपकिरी पट्टी मात्र सोडून द्या. बाहेरचा उजेड काचेतून आत जातो म्हणून ती येते. डोळ्यांना खुपत असेल तर बाहेरून काळी टेप लावा.

## ७. वाळूत राहणारे मदतनीस

नॅसॅरियस हा माझा पहिला सल्ला. एरवी हा शंख पूर्ण वाळूत गाडलेला असतो, फक्त सोंडेचं टोक वर. खाद्य पडलं की काही सेकंदांत वाळू जागोजागी फुगते, फुटते आणि पाच-सहा शंख धावत वर येतात. त्यांच्या या येण्या-जाण्यानेच वरचा थर मोकळा राहतो. सेरिथ शंख शेवाळ खातात आणि वाळूतही शिरतात. मोठ्या तळाला फायटिंग काँच जातीचा एखादा शंख पुरतो.

डायमंड गोबी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतो आणि तळ पांढराशुभ्र ठेवतो. पण लहान टँकमध्ये वाळूतले जीव संपवून तो उपाशी राहतो, कोरलवर वाळू टाकतो आणि झाकण नसेल तर बाहेर उडी मारतो. मोठा टँक आणि रोजचं फ्रोझन खाद्य असेल तरच घ्या. वाळूतला तारामासा, म्हणजे ॲस्ट्रोपेक्टेन, घेऊच नका. तो तुमच्या कामाचे किडे खातो आणि काही महिन्यांत स्वतः उपासमारीने मरतो.

समुद्रकाकडी वाळू उत्तम साफ करते हे परदेशी व्हिडिओंत दिसतं. भारतात २००१ पासून सगळ्या समुद्रकाकड्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. खडक बांधणारी प्रवाळंही त्याच वर्षी त्या यादीत आली. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही. आणि तसंही समुद्रकाकडी पंपात अडकून मेली तर तिच्या विषाने अख्खा टँक जाऊ शकतो.

## ८. काळा डाग आणि सडक्या अंड्याचा वास

वाळूत काळा पट्टा दिसला की घाबरून तो खणू नका. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असतो आणि जागेवर आहे तोवर तो फारसं काही करत नाही. तो मोठा होतोय का एवढं बघा. मोठा होत असेल तर तिथे प्रवाह वाढवा, खाद्य कमी करा. थर उथळ असेल तर कडेपासून थोडं थोडं, दर आठवड्याला दोन बोटं, सायफनने थेट बादलीत काढून टाका. ती वाळू परत टँकमध्ये सोडायची नाही.

चुकून मोठा भाग ढवळला गेला आणि वास आला, तर वेळ दवडू नका. एअर पंप आणि वेव्हमेकर पूर्ण जोरात लावा, स्किमर चालू ठेवा, ताजा कार्बन घाला, खिडक्या उघडा. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर त्यांना तयार खाऱ्या पाण्याच्या बादलीत एअर स्टोन लावून हलवा. ऑक्सिजन मिळाला की सल्फाइड लवकर निवतो, पण मधले तास महत्त्वाचे असतात. यासाठीच निदान दोन बादल्या खारं पाणी नेहमी तयार असावं.

## ९. वाळू कमी झाली, जुनी झाली

दर सायफनला थोडी वाळू जातेच. वर्षभरात काच उघडी पडायला लागली की भर घाला. कोरडी वाळू नळाखाली धुवा, शेवटचं पाणी आरओचं. सगळे पंप बंद करा, पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा धरा आणि वरून नरसाळ्याने वाळू सोडा. पाइप हळूहळू सरकवत गेलात तर पाणी फारसं गढूळ होत नाही. एका वेळी सेंटिमीटरभराहून जास्त थर नको, खालचे जीव गुदमरतात.

अरॅगोनाइट फॉस्फेट धरून ठेवतं आणि पाण्यातलं फॉस्फेट उतरलं की परत सोडतं. सगळे उपाय करूनही आकडा हलत नसेल आणि वाळू बरीच जुनी असेल, तर बदला. पण एका वेळी पाव भाग, आणि दोन फेऱ्यांमध्ये तीन-चार आठवडे.

## १०. घर बदलताना

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे कधी ना कधी करावंच लागतं. लीव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपले, मालकाने वाढवून दिले नाहीत, टेम्पो ठरला. अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे खाली चार इंच पाणी आणि वाळू तशीच ठेवून टँक उचलणं. टेम्पोच्या प्रत्येक खड्ड्याला थर ढवळला जातो, पंप बंद असतात, आणि नव्या घरी पोचेपर्यंत आत काय तयार झालं असेल सांगता येत नाही. शिवाय त्या वजनाने तळाच्या काचेचे सांधेही सुटतात.

मासे, कोरल आणि दगड आधी काढा. दगड जुन्या टँकच्याच पाण्यात बुडालेले राहू द्या, कारण बहुतांश उपयोगी जिवाणू त्यांच्यातच असतात. वरचं नितळ पाणी जेवढं नेता येईल तेवढं न्या, वाळूला टेकलेलं शेवटचं पाणी फेकून द्या. वाळू काढून बादलीत थोडी थोडी घ्या आणि नळाच्या पाण्यात हाताने चोळून धुवा. पहिली काही पाणी अक्षरशः काळपट निघतील. पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा, शेवटचं आरओने. यात वाळूतले जिवाणू मरतात, ते मान्य करा. दगड शाबूत असतील तर टँक सावरतो. तेवढा वेळ नसेल तर जुनी वाळू सोडून द्या आणि नव्या घरी धुतलेली नवीन घाला, त्यात कमीपणा काही नाही. जुन्या वाळूतला मूठभर स्वच्छ वरचा थर जाळीच्या पिशवीत वेगळा ठेवला, तर नव्या थरात किडे आणि कोपेपॉड पुन्हा वसवायला तो उपयोगी पडतो.

नव्या जागी पहिला आठवडा खाद्य निम्मं ठेवा आणि अमोनिया रोज तपासा. ०.२५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर लगेच वॉटर चेंज करा. सायफन मात्र महिनाभर वाळूत घालू नका.